शाळेत उद्योजक पाहुणा बोलवायचाय? आधी त्याच्या दुकानात जाऊन बसा

मी पहिल्यांदा जो पाहुणा बोलावला, तो फार मोठा होता. इतका, की त्यांची गाडी आत घ्यायला शिपायाला मैदानाचं मोठं फाटक उघडावं लागलं. स्वागतगीत, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक यात चाळीस मिनिटं गेली. मग सव्वा तास भाषण. जिद्द, चिकाटी, आईवडिलांचे आशीर्वाद, पहाटे उठणं. अकरावीची पोरं गप्प बसून होती आणि मला वाटलं, वा, काय रंगलाय कार्यक्रम. "प्रश्न विचारा" म्हटल्यावर मागच्या बाकावरून एकच हात वर आला. "सर, सेल्फी काढला तर चालेल का?"

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, काल आलेल्या साहेबांच्या कारखान्यात नक्की काय बनतं? साठातल्या चौघांनी उत्तर दिलं. चारही उत्तरं वेगळी होती.

दोष पाहुण्यांचा नव्हता. काय बोलायचं हे मीच त्यांना सांगितलं नव्हतं, आणि काय ऐकायचं हे मुलांना. त्यानंतर मी पद्धत बदलली. सांगली जिल्ह्यात नववी ते बारावीच्या वर्गांवर गेली काही वर्षं वेगळ्या रीतीने हे करतोय. नव्याने सुरू करणारे शिक्षक विचारत असतात, म्हणून सगळं एकदा लिहून काढतो.

पायरी १: एका भेटीला एकच प्रश्न

"उद्योजकता" या विषयावर कोणालाही बोलवू नका. त्या शब्दाखाली पाहुणा जन्मापासूनची गोष्ट सांगतो. त्याऐवजी हातात मावेल एवढा प्रश्न घ्या. मालाची किंमत कशी ठरवता? उधारी कशी वसूल होते? माल पडून राहिला तर काय करता? वर्षातून एकदाच पैसे येत असतील तर बाकीचे अकरा महिने घर कसं चालतं?

प्रश्न शक्यतो पुस्तकातूनच उचला. अकरावी-बारावी वाणिज्यला पुस्तपालन आणि वाणिज्य संघटन आहेच. नववी-दहावीला गणितातलं शेकडेवारी, नफा-तोटा, जीएसटी चालतं. याचा फायदा असा की मुख्याध्यापकांना "अवांतर कार्यक्रम" म्हणून पटवावं लागत नाही, तासच चाललेला असतो. तुमच्या शाळेत सहावी ते आठवी असेल तर आणखी एक धागा आहे: २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात या वर्गांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवलेत, त्यात स्थानिक कारागिरांकडून शिकणं बसतं.

पायरी २: पाहुणा कोण

माझा अनुभव स्पष्ट आहे. मोठं नाव नको. ज्याचा धंदा तीन ते दहा वर्षांचा आहे, जो स्वतःचा हिशेब स्वतः बघतो आणि ज्याच्याकडे सांगण्यासारखं एक वाईट वर्ष आहे, असा माणूस शोधा. वाईट वर्षाची अट मी कधी सोडत नाही.

शोध पालकांपासून सुरू करा. प्रवेशाच्या वेळी पालकांचा व्यवसाय लिहिलेला असतो, पण तिथे "शेती" किंवा "व्यवसाय" एवढंच असतं. मुलांनाच एक चिठ्ठी द्या: घरात, नात्यात, गल्लीत कोण काय विकतं, बनवतं, दुरुस्त करतं? आमच्या एका वर्गातून पहिल्याच वर्षी निघाले ते असे: हळदीचे अडते, बेदाण्याचं शेड असलेले दोघं, कुपवाड एमआयडीसीत लेथ चालवणारे, विट्याला यंत्रमाग असलेले, बचत गटातून भडंग करणारी मावशी, मोबाईल दुरुस्तीवाला, आणि सोनं-चांदी गलाईच्या धंद्यात परराज्यात असलेले तब्बल सहा मामा-काका.

हे गलाईवाले खानापूर-आटपाडी भागाचं धन आहे. देशभरातल्या शहरांत सोनं वितळवून शुद्ध करणारी आपली माणसं बसलेली आहेत, पण ती शाळेला मिळणार कधी? गावच्या यात्रेला आणि दिवाळीत. यात्रेची तारीख बघून दोन महिने आधी फोन करून ठेवा. यात्रेच्या आदल्या दिवशीची भेट मी दोनदा घेतली, दोन्ही वेळा छान झाली. परक्या मुलखात, भाषा येत नसताना, दुसऱ्याचं सोनं विश्वासावर हातात कसं मिळतं, हा प्रश्न त्यांनाच विचारावा.

बायकांना बोलवा, निम्म्या तरी. नाहीतर मुलींच्या डोक्यात धंदा म्हणजे गल्ल्यावर बसलेला पुरुष, हे तसंच राहतं.

पायरी ३: परवानगी आणि वेळ

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, शाळेबाहेर जायचं असेल तर पालकांचं संमतिपत्र. पाहुणा वर्गात असताना शिक्षक पूर्णवेळ तिथेच. मुलांचे फोन नंबर कोणालाही द्यायचे नाहीत. शाळेतल्या सखी सावित्री समितीला (मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी असते ती) कार्यक्रमाची कल्पना असू द्या. यात सूट नाही.

वेळेचं गणित मात्र आपल्या भागाचं वेगळं आहे. जूनमध्ये प्रवेश चालू असतात. जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये कृष्णेकडे बघून ठरवावं लागतं. सांगलीतल्या आयर्विन पुलावर ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ धोक्याची. पाणी तिशीच्या पुढे चढायला लागलं की पेठेतला व्यापारी माल हलवण्याच्या मागे असतो, तुमच्या वर्गात येत नाही. गणपतीत कोणी मिळत नाही. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस दुकानदाराला विचारणंसुद्धा पाप. म्हणून गणपती झाल्यावर सहामाही परीक्षेपर्यंतची मोकळी जागा आणि दिवाळीची सुटी संपल्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतचा काळ, हे दोन पट्टे उत्तम. दहावी-बारावीला जानेवारीनंतर हात लावू नका. नववी-अकरावीला मात्र फेब्रुवारी-मार्च सोन्यासारखे, कारण तेव्हाच द्राक्षं आणि बेदाण्याची शेडं चालू असतात.

पायरी ४: दुकानात जाऊन बसा

सगळ्या पायऱ्यांत हीच सर्वांत महत्त्वाची आणि हीच सगळे टाळतात. फोनवर "या हं सर आमच्याकडे" म्हणायचं आणि थेट कार्यक्रमाच्या दिवशी भेटायचं, हे चालत नाही.

आधी मी हा निरोप पाठवतो. हवा तर असाच वापरा:

"नमस्कार. आमच्या अकरावीच्या मुलांना 'उधारी आणि वसुली' हा भाग शिकवायचा आहे. तुम्ही वर्गात यावं अशी इच्छा आहे. भाषण करायचं नाही. दुकानात घडलेला एक प्रसंग सांगायचा आणि मुलांना एक कोडं घालायचं. एकूण सत्तर मिनिटं. तारीख तुमच्या सोयीची, बाजाराचा दिवस सोडून. त्याआधी मी अर्धा तास दुकानात येऊन बसेन. सत्काराचा कार्यक्रम नाही, चहा मात्र आहे."

"भाषण करायचं नाही" हे वाचून निम्मे लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि लगेच हो म्हणतात. ज्यांना राग येतो त्यांना तसंही बोलवायचं नसतं.

मग खरंच जाऊन बसा. गिऱ्हाइकांच्या मधे मधे बोलणं होतं, तेच चांगलं. मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या दुकानात असा बसलो असताना मालकांनी बोलता बोलता दोन कांड्या हातात दिल्या. "मोडा." एक कट्‌कन मोडली, दुसरी वाकली. वाकलेली पुरती वाळलेली नव्हती. ती पोत्यात गेली तर बुरशी धरणार. "ओली हळद वाळली की पाचवा हिस्सा राहतो. शेतकऱ्याला वाटतं थोडी दमट असली तर वजन भरेल. मला वाटतं दमट आली तर मी मेलो. भाव या दोघांच्या मधे ठरतो." बाजारभाव कसा ठरतो हे मी इतकी वर्षं फळ्यावर दोन रेषा काढून शिकवत होतो. त्या दिवसापासून वर्गात दोन कांड्या नेतो.

या भेटीत तीन गोष्टी पक्क्या करा. एक, कोणता प्रसंग सांगणार. दोन, बरोबर काय आणणार: बिलबुक, मालाचा नमुना, आणि बिघडलेला माल असेल तर तो आवर्जून. तीन, कोणते आकडे सांगायचे नाहीत. खरा नफा किंवा पुरवठादाराचा दर पाहुण्याला उघड करायचा नसतो, आणि त्यात गैर काही नाही. तेव्हा "शंभर रुपयांची विक्री धरा" म्हणून सगळं शंभरात सांगायला सांगा. प्रमाण कळलं की मुलांचं काम भागतं.

पायरी ५: मुलांची तयारी

दोन तास पुरतात. पहिल्या तासाला धंद्याची ओळख, दुसऱ्याला प्रश्न. प्रत्येकाने चिठ्ठीवर दोन प्रश्न लिहायचे. वाचून दाखवायचे आणि वर्गानेच चाळायचे. "तुम्हाला महिन्याला किती सुटतात?" आणि "तुमच्या यशाचं रहस्य काय?" हे दोन दरवर्षी येतात. पहिला उद्धट, दुसरा निरर्थक, आणि मला विचाराल तर दुसरा जास्त घातक.

त्यांच्या जागी काय विचारायचं? "गेल्या वर्षात कोणता खर्च अचानक वाढला?" "तुम्ही कोणत्या गिऱ्हाइकाला नाही म्हणता?" "पहिला नोकर कधी ठेवला, त्याआधी ते काम कोण करत होतं?" "दर वाढवल्यावर किती जण सुटले?" असे आठ-दहा प्रश्न फळ्यावर राहू द्या.

इथे मी किर्लोस्करांच्या नांगराची गोष्ट दहा मिनिटांत सांगून घेतो. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते असं त्या काळी शेतकऱ्यांना वाटायचं, आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांचे सुरुवातीचे नांगर खपायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. पुढे १९१० साली औंध संस्थानाने दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, आपल्याच जिल्ह्यात. आणि तेच नांगर विकण्याचं काम काही काळ कर्मवीर भाऊराव पाटलांनी केलं, ज्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. "माल चांगला आहे, तरी कोणी घेत नाही, आता काय कराल?" एवढं विचारून मी थांबतो. मुलं अर्धा तास भांडतात. कोणी म्हणतं फुकट वाटा, कोणी म्हणतं पाटलाच्या रानात आधी चालवून दाखवा. अशा वर्गात आलेला पाहुणा एकटा बोलत राहूच शकत नाही.

पायरी ६: प्रत्यक्ष दिवस

दोन तासिका जोडून घ्या, सत्तर मिनिटं. पहिली दहा मिनिटं प्रसंग, मग तीसेक मिनिटं फळ्यावर हिशेब, मग कोडं आणि प्रश्न. पाहुणा उभा, शिक्षक फळ्यापाशी. तुमचं काम एकच, पाहुणा "खूप कष्ट केले" म्हणाला की थांबवायचं आणि विचारायचं, "म्हणजे दिवसाला किती तास? त्या वेळी दुकान कोण बघायचं?"

भडंगवाल्या मावशींचा तास कसा झाला ते सविस्तर सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. त्या पिशवीतून चुरमुरे, शेंगदाणे, लसूण घेऊन आल्या होत्या. वर्गभर वास. म्हणाल्या, "एका खेपेला काय लागतं ते सांगते, तुम्ही लिवा." फळ्यावर असं उतरलं (दर तेव्हाचे, आज बदललेले असतील):

चुरमुरे ६ किलो, ७० च्या दराने ४२०. शेंगदाणे दीड किलो, १९५. तेल दीड किलो, २१०. लसूण, तिखट, कढीपत्ता, मीठ, पिठीसाखर मिळून १५०. गॅस ६०. झाले १,०३५. तयार माल साडेनऊ किलोच्या आसपास, २०० ग्रॅमची ४७ पाकिटं. पाकीट आणि लेबल साडेतीन रुपयांप्रमाणे १६५. एकूण १,२००. दुकानदाराला ३५ रुपयांनी दिलं तर १,६४५. नफा ४४५.

वर्ग खूश. एकाने लगेच महिन्याचा गुणाकार सुरू केला.

मावशी फळ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सगळं बरोबर हाय. माझी हजेरी कुठं धरली?"

शांतता. त्या आणि त्यांची जाऊ, दोघींची अर्ध्या दिवसाची हजेरी दोनशे-दोनशे. ४४५ मधून ४०० गेले. राहिले ४५. मग त्यांनी पिशवीतून तीन पाकिटं काढली, मऊ पडलेली. दुकानातून परत आलेली. "ही तीन ३५ नं माघारी घ्यायची." १०५ वजा. खेपेला ६० रुपये तोटा.

"मग तुम्ही हे करता कशाला?" हा प्रश्न पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारला, चिठ्ठीवरचा नव्हता. मावशी म्हणाल्या, हेच तुम्ही शोधायचं, आणि खुर्चीवर बसून चहा प्यायल्या. हेच त्यांचं कोडं.

दहा मिनिटं गेली. कोणी म्हणालं दर वाढवा, मावशी म्हणाल्या शेजारच्याचं पाकीट ३५ लाच जातं. कोणी म्हणालं शेंगदाणे कमी करा, त्या म्हणाल्या एकदा केलं होतं, दुसऱ्या आठवड्यात मागणीच थांबली. शेवटी एका मुलाला सुचलं: अर्ध्या दिवसात एकच खेप का? मावशी हसल्या. कढई तापलेलीच असते, बसलेल्या दोघी त्याच. तेवढ्यात तीन खेपा निघतात. तीन खेपांचे ४४५ प्रमाणे १,३३५, हजेरी तीच ४००, माघारी आलेला माल ३१५. उरले ६२०.

स्थिर खर्च (दोघींची हजेरी) आणि बदलता खर्च (चुरमुरे, तेल, पाकिटं) मला त्या वर्षी वेगळा शिकवावा लागला नाही. परीक्षेत व्याख्या विचारली तर दोघातिघांनी उदाहरण म्हणून चक्क भडंग लिहिलं.

बाहेर न्यायचं असेल तर

वर्गात येण्यापेक्षा तिकडे जाणं काही धंद्यांना बरं पडतं. एसटीची बस प्रासंगिक करारावर मिळते. एका वेळी पस्तीस-चाळीस मुलं, तीन शिक्षक, आणि तिथे पोचल्यावर तीन गट. सगळ्यांना एकदम आत नेलं तर मागच्यांना पुढच्यांची डोकीच दिसतात. मोठ्या कारखान्याला महिनाभर आधी पत्र द्यावं लागतं आणि तिथे मुलांना हिशेब दिसत नाही, यंत्रं दिसतात. कुपवाडचं दहा माणसांचं वर्कशॉप शिकायला बरं.

मिरजेतले सतार-तंबोऱ्याचे कारागीर मात्र चुकवू नका. मूळचं हे घराणं शिकलगारांचं, शस्त्रांना धार लावणारं. शस्त्रांची मागणी सरली तेव्हा हातातलं कसब वाद्यांकडे वळलं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. सांगलीच्या बेदाण्याला आणि हळदीला ते आधीच आहे. तिथे मुलांना विचारायला लावा: आगाऊ रक्कम किती घेता, गिऱ्हाइकाने मधेच नको म्हटलं तर वाद्याचं काय होतं, मानांकनाच्या शिक्क्याने दर वाढला का? वर्गात मागणीनुसार उत्पादन हा शब्द कोरडा वाटतो. अर्धवट तबकडी बसवलेला भोपळा समोर असला की वाटत नाही.

तासगाव भागात बेदाण्याच्या शेडवर गेलात तर एकच काम करा. बरोबर कागदावर बारा महिन्यांचे बारा चौकोन काढून न्या. पैसा बाहेर गेला की लाल, आत आला की हिरवा. शेतकरी सांगत जातात: एप्रिलची खरड छाटणी, लाल. ऑक्टोबर छाटणी, मजूर, औषधं, लाल, लाल, लाल. द्राक्षं उतरल्यावर डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून रॅकवर टाकणं, दोन-तीन आठवडे वाळवणं, तेही लाल. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा. मग कोल्ड स्टोअरेज, भाड्याचा लाल. सौद्यात, म्हणजे लिलावात, विकला गेला की एखाददुसरा हिरवा. कागद बघून एका मुलाने विचारलं, "काका, मग तुम्ही जेवता काय?" काकांनी गोठ्याकडे बोट केलं. दर दहा दिवसांनी दुधाचं बिल येतं. मुलांनी बारा चौकोनांत बारीक हिरवे ठिपके भरले. सोसायटीचं कर्ज, औषध दुकानाची उधारी, कोल्ड स्टोअरेजमधल्या मालावरचं तारण कर्ज, हे सगळं त्या ठिपक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत येतं, ते तिथेच उभं राहून समजावा.

पुराबद्दल विचारायला लाजू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं, २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा आलं. पेठेतल्या प्रत्येक दुकानदाराकडे याचं एक प्रकरण आहे. आमच्याकडे आलेल्या एका कापड दुकानदारांनी सांगितलं, माल माळ्यावर चढवला, पण उधारीची वही खालच्या कप्प्यात राहिली. किती बुडाले असतील, असा अंदाज त्यांनी वर्गाला करायला लावला. बहुतेकांनी निम्मे म्हटलं. पाव हिस्साही बुडाले नाहीत, कारण गिऱ्हाइकांनी आपणहून आकडे सांगितले. "सांगितले ते खरे होते का, हे मी विचारलं नाही," असंही ते म्हणाले. आता वहीचा रोज रात्री फोनवर फोटो काढतात.

कोणाला नको म्हणायचं

ठेच लागून शिकलेलो आहे. एके वर्षी एका ओळखीच्याच्या शिफारशीवरून "तरुणांना मार्गदर्शन" करणारे एक गृहस्थ आले. पहिली वीस मिनिटं ठीक. मग शेअर बाजारात घरबसल्या कमाई, मग "ज्यांना पुढे शिकायचं त्यांनी या कागदावर नंबर लिहा". मी कागद काढून घेतला तोवर अकरा नंबर लिहून झाले होते. त्या अकरा घरी स्वतः फोन करून कोर्सला पैसे भरू नका म्हणून सांगावं लागलं. तेव्हापासून साखळी मार्केटिंग, ट्रेडिंग क्लास, विमा विक्री, कोचिंग क्लास यांना सरळ नकार. निवडणूक लढवू इच्छिणाऱ्यांनाही, कितीही मोठा कारखाना असला तरी.

कागदपत्रांची माहिती द्यायला एखादे सीए किंवा करसल्लागार बोलवलेत तर चांगलं, अर्धा तास बास. मुलांना एवढं कळलं तरी पुरे: छोट्या धंद्याच्या उद्यम नोंदणीला सरकारी फी नाही, त्यासाठी हजार रुपये मागणारा मध्यस्थ फसवतोय, साधारणपणे मालाच्या विक्रीला वर्षाला ४० लाखांपर्यंत आणि सेवेला २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, खाण्याचे पदार्थ घरून विकायचे तरी अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, आणि १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे तुम्ही केलेला करार टिकत नाही. हे शेवटचं ऐकून बारावीची मुलं फार दुखावतात.

पायरी ७: पाहुणा गेल्यावर

त्याच आठवड्यात आभाराचं पत्र. "आपले विचार प्रेरणादायी होते" हे वाक्य आमच्याकडे बाद आहे. पत्रात एक आकडा हवा आणि एक न कळलेली गोष्ट हवी. न कळलेल्या गोष्टीचं उत्तर द्यायला पाहुणे बहुधा स्वतः फोन करतात, आणि दुसऱ्या भेटीचं बोलणं आपोआप होतं.

दुसरी भेट मुलांच्या धंद्यावर ठेवा. बहुतेक शाळांत आनंद बाजार भरतोच, फक्त तिथे आई करून देते, मूल विकतं आणि आलेला सगळा पैसा नफा समजतं. आम्ही पाच-पाच जणांचे गट करतो, शाळेकडून प्रत्येक गटाला ५०० रुपये उसने, ते बाजार संपल्यावर परत. तळण चालत नाही, गरम तेल आणि गर्दी एकत्र नको. वही मात्र सक्तीची. वही नाही तर टेबल नाही. आणि ज्या पाहुण्यांनी वर्ग घेतला, तेच वह्या तपासतात. शिक्षकाने तपासली तर मुलं गुण बघतात, मावशींनी तपासली तर घाम फुटतो.

गेल्या वेळी भेळेच्या टेबलावर मावशी पोचल्या तेव्हा गर्दी ओसरली होती. मुलींनी वही पुढे केली. ६८ प्लेट, १५ रुपयांप्रमाणे १,०२०. सामान ५४०. त्याच्या खाली एक ओळ: "आईची हजेरी (चिंचगुळाची चटणी, २ तास) १००". आणि समासात बारीक अक्षरात, "आई नको म्हणाली, तरी धरली."

मावशींनी ते दोनदा वाचलं. मग विचारलं, "आन तुमची?" पाचजणी, तीन-तीन तास, पंधरा तास. उरलेले ३८०. एकीने मोबाईल काढायच्या आत दुसरीने सांगितलं, ताशी पंचवीस रुपये आणि वर थोडे पैसे. "पयल्या वर्षी मलाबी एवढंच पडायचं," मावशी म्हणाल्या आणि दोन प्लेट भेळ मागितली, एक स्वतःला, एक जावेला.

पैसे काही मुलींनी घेतले नाहीत. मावशी गेल्यावर वहीत नोंद मात्र झाली: "सॅम्पल, २ प्लेट, ३०."